मी न केलेली सही

नोटीस घेऊन पोलीस आला तेव्हा मी मागीलदारी मांडवावरची पडवळं काढत होते. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस उघडझाप करत होता. पोलीस ओळखीचा होता. मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीला तो पूर्वी एकदा येऊन आमच्या ओटीवर चहा पिऊन गेला होता. ह्या वेळी तो ओटीवर चढला नाही. पायरीशीच उभा राहून त्याने पिशवीतून कागद काढला आणि मान वर न करता म्हणाला, "बाई, इथे सही करा."

मी बत्तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं. रजिस्टर पत्र हातात देताना हे तीन शब्द मी किती वेळा म्हटले असतील त्याची गणती नाही. मलाच कुणी ते म्हणेल असं मात्र वाटलं नव्हतं. नोटीस मिळाल्याची सही मी केली, कारण ती मिळालीच होती. मग कागद उघडून वाचला.

माझ्या वागण्याने परिसराच्या शांततेला आणि देशाच्या सुरक्षेला बाधा येण्याचा संभव आहे, अशी खात्रीलायक माहिती मिळाली होती म्हणे. म्हणून वर्षभर चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र माझ्याकडून का लिहून घेऊ नये, ते तालुक्याच्या कचेरीत हजर राहून सांगायचं होतं. सोबत हमीपत्राचा छापील नमुनाही होता. नाव भरायचं, सही करायची, दोन जामीन द्यायचे, की झालं.

ह्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. आमचे हे शाळामास्तर होते. उभ्या आयुष्यात कुणाशी वर आवाजात बोललेले नाहीत. म्हणाले, "सही करून मोकळी हो. वर्षभर तू कुठे दंगा घालणारेस?"

बोलणं बिनतोड होतं. दंगा मी घालणार नव्हतेच. पण सही केली असती, तर तोवर घालत होते असं माझ्याच हस्ताक्षरात ठरलं असतं. त्या दिवशी मला हे असं नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणाले की विचार करते, आणि परत पडवळं काढायला गेले. पडवळांबरोबर दोन वेलच तुटून हातात आले.

हे सगळं सुरू झालं ते टॉवरवरून. आमच्या गावाच्या मागे सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे. सडा समुद्राकडे जिथे संपतो तिथे कड्याच्या टोकाला टेहळणीचा टॉवर उभा राहिला. त्याला गावात कुणाचा विरोध नव्हता. माझा तर मुळीच नव्हता. माझा धाकटा दीर सैन्यात होता, आणि समुद्रातून धोका येऊ शकतो हे किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडचे मच्छीमार बोटीवर जाताना ओळखपत्र बाळगतात, विचारलं की दाखवतात, कुरकुर करत नाहीत. टॉवरसाठी ग्रामपंचायतीने ठराव केला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी होते.

दिवाळीनंतर टॉवरभोवती कुंपण आलं. ते टॉवरपुरतं राहिलं नाही. कड्यावरून खालच्या खडपात उतरणारी जुनी पायवाटही त्याने पोटात घेतली. खडप म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे काळे खडक. तिथे कालवं, म्हणजे दगडाला घट्ट धरलेले खायचे शिंपले मिळतात. गावातल्या पंचवीस-तीस बायका, त्यांत जास्त करून आमच्या शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यातल्या, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला छोटी कोयती घेऊन उतरायच्या आणि टोपलीभर कालवं घेऊन वर यायच्या. त्यांच्या सासवाही हेच करत होत्या. आता वाटेच्या तोंडाशी फलक लागला की सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश बंद, छायाचित्रणास मनाई.

आम्ही म्हटलं, नवीन आहे, सांगितलं की ऐकतील. माझ्या शेजारच्या खालाने टॉवरवरच्या पहारेकऱ्याला दोनदा जाऊन विचारलं. खाला साठीच्या पुढची, नवरा बोटीवर होता तो वारल्यापासून तिने कालवांवर घर चालवलेलं. पहारेकऱ्याने तिला वरिष्ठांना भेटायला सांगितलं. वरिष्ठ कोण आणि कुठे बसतात, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग आमच्या अंगणवाडीच्या सेविकेने एक दिवस त्या कुंपणाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. बाहेर उभं राहून, टॉवर न दाखवता, फक्त वाट कुठे अडली आहे ते. तो तिने गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोलीस ठाण्यात बोलावलं. तिचा नवरा लोट्याला कारखान्यात, पहिल्या पाळीला गेलेला. दुपार झाली तरी ती आली नाही, तेव्हा मी आणि खाला एसटीने गेलो.

ती बाकावर बसली होती. सकाळी दहापासून. मोबाइल काढून घेतला होता. तिथले अधिकारी सभ्य होते, आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं. मी विचारलं, "हिला अटक केलीय का?"

"नाही हो, बाई. अटक कशाला?"

"मग घरी नेऊ का?"

"थांबा जरा."

तो जरा संध्याकाळी साडेपाचला संपला. मोबाइल तपासणीसाठी ठेवून घेतला. कशाखाली ठेवला, परत कधी मिळेल, असा एक कागदही दिला नाही. मी पावती मागितली तर ते म्हणाले, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, पावत्या कसल्या मागता.  परतताना एसटीतून उतरल्यावर सेविकेने मला विचारलं, "बाई, मी काय केलं?"  बत्तीस वर्षं साध्या पोस्टकार्डालाही नियम असतो असं मानून मी काम केलं होतं. माणसाला दिवसभर बसवून ठेवायला नियम लागत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून मी अर्ज लिहायला लागले. वाट मोकळी करा, निदान ओहोटीच्या वेळेपुरती करा, ओळखपत्र पाहून सोडा, सेविकेचा मोबाइल परत द्या. प्रत्येक अर्जाची पोच घेतली, फाइल केली. उत्तर आलं नाही. आला तो मनाई आदेश. पाच किंवा त्याहून जास्त लोकांनी एकत्र जमायचं नाही, पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवस संपले की पुन्हा पंधरा. त्यामुळे ग्रामसभा एकदा तहकूब झाली, मग दुसऱ्यांदा. आम्हाला वाटेचा विषय मांडायचा होता तो तिथेच. गंमत म्हणजे त्याच दिवसांत सड्यावर क्रिकेटचे सामने झाले, मांडव पडला, लाउडस्पीकर लागला. सामन्यांना परवानगी मिळाली. ग्रामसभेला मिळत नव्हती.

वाईट होतं ते पुढचं. लोक आपणच गप्प व्हायला लागले. ग्रुपवर फक्त सुप्रभात आणि वाढदिवस उरले. दुकानात टॉवरचा विषय निघाला की कुणीतरी बाहेर बघायचं. मुंबईहून मुलगा फोनवर सांगायचा, "आई, असलं फोनवर बोलू नको." मी त्याला विचारलं, असलं म्हणजे कसलं? कालवांचं? त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

आणि मग ती नोटीस. एकूण नऊ जणांना आल्या होत्या. मला, खालाला, सेविकेला, आणखी सहा जणांना. पहिल्या आठवड्यात तिघांनी जाऊन हमीपत्र दिलं. त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, एकाची सरकारी नोकरीची आशा होती. तिसऱ्याला नुसती भीती वाटत होती, आणि भीती वाटणं हा काही गुन्हा नाही.

खालाची अडचण सगळ्यांत मोठी होती. तिचा मुलगा कतारला होता, सुट्टीवर आलेला. त्याचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला होता आणि पोलिसांचा अहवाल यायचा होता. आईच्या नावावर देशाच्या सुरक्षेची नोटीस असताना तो अहवाल कसा येईल, हे वेगळं सांगायला नको होतं. ती एका दुपारी माझ्याकडे आली, मागच्या पायरीवर बसली. म्हणाली, "वयनी, तू सही नको करूस. मी करते. मना पोराचा बघायला पायजे."

मी बरं म्हटलं. तिचा हमीपत्राचा नमुना मीच भरून दिला, कारण तिला मराठी वाचता येत नाही, सहीपुरती अक्षरं तेवढी येतात. नाव, वय, पत्ता सगळं माझ्या हाताने लिहिलं. ते लिहिताना जेवढं वाईट वाटलं, तेवढं मला स्वतःच्या नोटिशीने वाटलं नव्हतं.

वकील मला देवरुखात मिळाली. पस्तिशीची मुलगी, कॉलेजमध्ये शिकवायची आणि वकिलीही करायची. तिने माझी फाइल पाहिली, पोचपावत्या उलटून पाहिल्या, आणि पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर खूश झालं. ती म्हणाली की नोटिशीत माहिती मिळाली असं म्हटलंय, ती माहिती काय ते त्यांना आपल्याला दाखवावंच लागतं. तिने अर्ज केला. मी कचेरीत दोन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला नक्कल हातात पडली. दीड पानाचा अहवाल. तो मी तिथेच, जिन्याच्या कठड्याला टेकून वाचला.

मे महिन्यातल्या एका दुपारी तीनच्या सुमारास माझ्या घराच्या खळ्यात तीस ते पस्तीस महिला जमल्या होत्या. त्यांत दोन्ही समाजांच्या महिला होत्या. त्या गोलाकार बसून हळू आवाजात चर्चा करत होत्या आणि बाहेरून कुणी आल्यास बोलणं थांबवत होत्या. सदर चर्चा टॉवरविरोधी कारवायांबाबत असल्याचा दाट संशय होता.

मला ती दुपार आठवली. त्या दिवशी आम्ही फणसाचे पापड लाटत होतो.

दरवर्षी मेमध्ये आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, हे चालतं. फणस उकडायचे, कुटायचे, गोळे करायचे, लाटायचे, वाळत घालायचे. एकटीचं काम नाही. मी आधी हसले. मग जिन्यावरच बसले. कुणीतरी आमच्याच गावचं त्या खळ्यापर्यंत येऊन गेलं होतं. कदाचित आम्ही हातावर ठेवलेला ओला पापड खाऊनही गेलं होतं. कोण ते मी आजवर शोधलेलं नाही. शोधलं असतं तर सापडलंही असतं, पण मग मला गावात प्रत्येकाकडे त्या नजरेने बघावं लागलं असतं, आणि तसं बघणारे आधीच पुष्कळ झाले होते.

सुनावणीला आम्ही सहाजण गेलो. खालाच्या पिशवीत भरलेलं हमीपत्र होतं. हे माझ्याबरोबर आले, पण कचेरीच्या आवारातल्या आंब्याखालीच थांबले. दंडाधिकारी चाळिशीचे, दमलेले दिसत होते. टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं की एवढी साधी गोष्ट आहे, तुम्ही निवृत्त कर्मचारी आहात, हमीपत्र देऊन टाकायला हरकत काय?

वकीलबाई बोलायला उठणार होती. मी तिला हाताने थांबवलं.

"साहेब," मी म्हणाले, "पुढे दंगा करणार नाही असं लिहून द्यायला माझी हरकत नाही. पण ह्या कागदाखाली सही केली की मागे केला होता असं होतं. मी पापड लाटत होते."

त्यांना कळलं नाही. वकीलबाईने अहवालाची नक्कल पुढे केली आणि ती तारीख, ती वेळ, ते वर्णन मोठ्याने वाचावं अशी विनंती केली. त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'गोलाकार बसून' इथे ते आल्यावर बाजूला टाइप करणाऱ्या कारकूनबाईंचे हात थांबले. त्या आमच्याच बाजूच्या असाव्यात. त्यांनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते. दंडाधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, बोलणं का थांबवत होता?

"लाटताना थुंकी उडू नये म्हणून आम्ही तोंडाला पदर बांधतो, साहेब. त्यामुळे आवाज दबतो, आणि कुणी आलं की पदर न सोडता नुसती मान हलवतो."

मी पुढेही बोलले. टॉवरसाठी हात वर केला होता ते सांगितलं. दिराचं सांगितलं. म्हटलं, "टॉवर राहू द्या. आणखी उंच करा हवा तर. आमची वाट द्या, आणि वाट मागितली म्हणून आम्हाला शत्रूत मोजू नका."   एवढं बोलून गेले त्याचं माझं मलाच नवल वाटलं.

नंतर खालाला पुकारलं. तिने पिशवीतून हमीपत्र काढलं. मी दुसरीकडे पाहिलं. ती पुढे गेली, कागद टेबलावर ठेवला, आणि कारकूनबाईंनी पेन पुढे केलं तर तिने ते घेतलं नाही.

"मी पन तितंच होते," ती म्हणाली. "फनस माजा होता. मी सही नाय करनार."

दंडाधिकाऱ्यांनी तिला समजावलं की नोटीस राहिली तर मुलाच्या कामात अडचण येऊ शकते. म्हणजे त्यांनाही ते ठाऊक होतं. खालाने मान हलवली. तिला कळलं होतं. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी तिचा हात धरून ठेवला. तिच्यानंतर सेविका, मग उरलेले तिघे. कुणी सही केली नाही. प्रत्येकाने एकच वाक्य सांगितलं, मी काही चुकीचं केलेलं नाही. आम्ही तसं ठरवून आलो नव्हतो.

बाहेर आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी आत यायला हवं होतं."

तीन आठवड्यांनी आदेश आला. मिळालेल्या माहितीला पुरेसा आधार आढळत नसल्याने नऊच्या नऊ नोटिसा रद्द. ज्या तिघांनी आधीच हमीपत्र दिलं होतं, त्यांचीही परत मिळाली. सेविकेचा मोबाइल तिला पोलीस ठाण्यातून बोलावून देण्यात आला, ह्या वेळी पावतीसह. खालाच्या मुलाचा पासपोर्ट दिवाळीच्या आत आला. पोस्टात माझ्या जागी आलेल्या मुलीने तो पोचवायला जाताना मुद्दाम मला हाक मारली. मुलाच्या वतीने खालाने पोचेवर सही केली तेव्हा मी शेजारी उभी होते. अक्षरं नेहमीसारखीच वाकडी होती.

वकीलबाई तेवढ्यावर थांबली नाही. मनाई आदेश पंधरा-पंधरा दिवसांनी कशाच्या आधारे वाढवला जातो, हे तिने लेखी विचारलं, आणि लेखी उत्तर न मिळाल्यास उच्च न्यायालयात जाऊ असंही कळवलं. उत्तर आलं नाही. पण पंधरवडा संपला आणि पुढचा आदेशही आला नाही. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. सरपंचांनी तिसऱ्या दिवशी ग्रामसभेची दवंडी दिली.

त्या ग्रामसभेइतकी माणसं मी आमच्या शाळेत कधीच पाहिली नव्हती. वर्गाची दारं काढून ठेवावी लागली. मुंबईहून चाकरमानी आले होते, खिडक्यांत उभे होते. भूमी अभिलेखमधून गावचा जुना नकाशा आणला होता. सड्यावरून कड्याकडे जाणारी वाट त्यात तुटक रेघेने दाखवलेली होती, अगदी खडपापर्यंत. वाट मोकळी करून मिळावी आणि कुंपणाची मोजणी व्हावी असा ठराव मांडायचा होता. सूचक कोण, असं सरपंचांनी विचारलं, आणि मागच्या रांगेतून आमच्या ह्यांनी हात वर केला. ते उठले. चाळीस वर्षं वर्गात बोललेल्या माणसाचा आवाज सुरुवातीला फुटेना. मग फुटला. ठराव एकमताने झाला, आणि नंतर कितीतरी वेळ कुणी घरी जाईना. नुसतेच बोलत होते. भातकापणीचं, मुलांचं, एसटीच्या वेळांचं. वर्षभर साठलेलं बोलणं होतं ते.

मोजणी झाली. कुंपण टॉवरच्या हद्दीबाहेर पुष्कळ पुढे आलं होतं. टॉवरवर नव्याने बदलून आलेला अधिकारी उत्तरेकडचा होता. तो स्वतः वाटेवरून खाली उतरून आला आणि मोडक्या मराठीत म्हणाला की इथे रस्ता होता हे मला कुणी सांगितलंच नाही. माणूस सरळ होता. त्याने कुंपण मागे घेतलं, फलक टॉवरच्या फाटकावर नेऊन लावला.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला मोठी ओहोटी होती. मी कालवं काढणारी नव्हे, पण त्या सकाळी मीही गेले. गुडघा दुखत होता म्हणून सेविकेने मला हात दिला. खाला सगळ्यांच्या पुढे होती, साडी खोचलेली, टोपली काखेत. वर्षभर पाऊल न पडल्याने वाटेवर गवत माजलं होतं, ते ती कोयतीने सपासप तोडत चालली होती. खाली खडकांवर कालवं गच्च धरली होती, कुणी न काढल्यामुळे तळहाताएवढी झालेली. खालाने एक फोडलं, समुद्राच्या पाण्यात खळबळलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी ते तिथेच खाल्लं. खारट, गार, गोडसर.

वर टॉवरवर कुणीतरी दुर्बीण लावून समुद्राकडे बघत होतं. बायका मोठमोठ्याने बोलत होत्या, हसत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. पाणी वळायला लागलं तरी कुणी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशीही यायचंच होतं.